पिन आजीनंच दाबायचा

महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात श्रीरामपूरच्या मेन रोडवर किंवा शिवाजी रोडवर एखाद्या एटीएमबाहेर थोडा वेळ उभं राहिलं, की रांगेत एक जोडी हमखास दिसते. साठीच्या पुढची आजी आणि तिच्यासोबत पाचवी-सहावीतला नातू किंवा नात. टाकळीभान, उंदिरगाव, पढेगाव, वडाळा महादेव, कुठून तरी एसटीनं नाहीतर रिक्षानं दोघं आलेली असतात. आजीच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या पाकिटात पासबुक आणि त्यातच कार्ड. आत शिरलं की कार्ड पोराच्या हातात जातं. तेच भाषा निवडतं, तेच पिन दाबतं, तेच रक्कम टाकतं, नोटा मोजून आजीकडे देतं. तोवर आजी दाराकडे तोंड करून उभी असते, कुणी आत येऊ नये म्हणून.

हे पुस्तक त्या मुलांसाठी आहे. मोठेपणी कामाला येईल म्हणून मुलांना बँकेची माहिती द्यावी, असं आपण म्हणतो. पण आपल्या तालुक्यातल्या पुष्कळ घरांत एटीएम चालवणारं माणूस आजच दहा-बारा वर्षांचं आहे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार, पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता, निराधार योजनेची रक्कम, उसाचं पेमेंट, दुधाचा पगार, हे सगळं आता खात्यावर पडतं आणि खात्यातून हातात येताना बऱ्याचदा पोरांच्या बोटांखालून जातं. हे काम आपण त्यांच्यावर सोपवलं, पण ते नीट समजावून दिलं नाही. कुठलं बटण कधी दाबायचं हे त्यांना पाठ आहे. मशीन आतमध्ये काय करतं, ते कुणाला विचारतं, कुणाचं ऐकतं आणि ज्या चार आकड्यांवर हे सगळं चालतं ते आकडे कुणाचे, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मशीनमधले पैसे कुणाचे, असं वर्गात विचारलं तर लहान मुलं सांगतात, सरकारचे. थोडी मोठी सांगतात, आजीचे; तिनं बँकेत ठेवलेत, ते आतून इथं येतात. दुसरं उत्तर जास्त शहाणपणाचं वाटतं, पण सगळा घोळ त्यातूनच होतो. आजीच्या नावाचं नोटांचं पुडकं कुठंच ठेवलेलं नसतं. बँकेच्या वहीत आजीच्या नावासमोर एक आकडा असतो, आणि तेवढी रक्कम बँक आजीला देणं लागते एवढाच त्या आकड्याचा अर्थ. मशीनमधल्या नोटा बँकेच्या. मशीन एक हजार रुपये बाहेर देतं तेव्हा वहीतला आकडा हजारानं कमी होतो. म्हणून या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं वहीवर आहेत आणि मशीन चौथ्या प्रकरणात येतं. मुलांनी पानं उलटून थेट चौथ्यावर जाऊ नये, अशी त्यांना विनंती आहे.

नगर जिल्ह्यातल्या मुलाला वही समजावणं तसं अवघड नाही. बाजारपेठेत ज्याचं दुकान आहे त्यानं रोज संध्याकाळी येणारा पिग्मी एजंट पाहिलेला असतो. पन्नास-शंभर घेतो, नोंद करतो, निघतो. ज्याची आई बचत गटात आहे त्यानं महिन्याच्या बैठकीतली वही पाहिलेली असते, कुणाचे किती जमा आणि कुणाचं कर्ज किती फिटलं याची. वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी शाळेतल्या संचयिकेत चार-आठ आणे टाकून छोटं पासबुक मिरवलेलं आहे. शेजारच्या लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली सहकारी पतपेढी उभी केली, ती अशाच वहीवर. पुढं १९५० मध्ये प्रवरानगरचा साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा कुणाचा किती टन ऊस आला आणि त्याचे किती झाले याच्याही वह्याच होत्या. रोजकीर्द आणि खतावणी, जमा आणि नावे, एवढे चार शब्द ज्या मुलाला कळले त्याला अर्धं एटीएम कळलं. उरलेला अर्धा भाग यंत्राचा.

याच ठिकाणी एक कडू गोष्ट मुलांना सांगावी लागली, कारण आपल्या जिल्ह्यात ती घराघरांत बोलली गेली. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. मशीन बंद असणं आणि बँकच बंद होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मशीनमध्ये नोटा नसल्या तरी वहीतला आकडा शाबूत असतो. दुसऱ्या मशीनवर जा, पैसे मिळतात. बँकच अडचणीत आली तर प्रश्न त्या आकड्याचाच होतो. अशा वेळी ठेव विम्याचं संरक्षण असतं, एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाख रुपयांपर्यंत. ही मर्यादा २०२० पासून आहे. दहा वर्षांच्या मुलाला हे कशाला, असं काहींना वाटेल. पण घरातली मोठी माणसं हलक्या आवाजात बोलत असतात तेव्हा मूल ऐकतच असतं, आणि अर्धवट ऐकलेल्याची भीती जास्त असते.

आता मशीन. त्याचे दोन भाग असतात. वर संगणक, पडदा, कार्ड वाचणारी खाच आणि पावतीचा छोटा प्रिंटर. खाली जाड पोलादी तिजोरी. तिजोरीत नोटांच्या पेट्या बसवलेल्या असतात, त्यांना कॅसेट म्हणतात. बहुतेक मशीनमध्ये अशा चार असतात आणि एकीत एकाच किमतीच्या दोनेक हजार नोटा मावतात. रक्कम ठरली की रबरी चाकं किंवा हवा ओढणाऱ्या वाट्या पेटीतून एकेक नोट उचलतात. पुढं सेन्सर तिची जाडी तपासतो. दोन नोटा चिकटून आल्या किंवा कोपरा दुमडलेला निघाला, तर मशीन ती नोट वेगळ्या पेटीत टाकून देतं आणि दुसरी उचलतं. पैसे बाहेर येण्याआधी आतून जी फडफड ऐकू येते ती याची. कधी ती लांबते, कारण आत एखादी नोट नापास झालेली असते. हा आवाज ओळखायला शिकलेलं मूल घाबरून मधेच लाल बटण दाबत नाही.

नुसत्या नोटा देणाऱ्या मशीनबद्दल मुलांना सर्वांत जास्त चकित करणारी गोष्ट अशी, की त्याला नोट वाचता येत नाही. पाचशेची कुठली आणि शंभराची कुठली हे ते नोटेकडे पाहून ठरवत नाही. कुठल्या पेटीतून उचलली एवढंच त्याला माहीत. पेटी भरणाऱ्या माणसानं शंभराच्या पेटीत पाचशेच्या नोटा भरल्या, तर मशीन शंभर समजून पाचशे देत राहील. जुन्या पाचशेची रुंदी ७३ मिलिमीटर होती आणि नव्या पाचशेची ६६. ८ नोव्हेंबर २०१६ ला जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि देशभरातली दोन लाखांच्या आसपास मशीन नव्या मापासाठी माणसं पाठवून एकेक करून दुरुस्त करावी लागली. त्या वेळच्या रांगा आजच्या पाचवीतल्या मुलानं पाहिलेल्या नाहीत, पण घरी ऐकलेल्या आहेत. रांगांना कारणं अनेक होती, त्यांतलं एक मिलिमीटरमध्ये मोजता येतं. पट्टी घेऊन घरातली नोट मोजायचं काम पुस्तकात दिलं आहे: नव्या नोटांत शंभर, दोनशे, पाचशे, तिघींची रुंदी सारखी आणि लांबी १४२, १४६, १५०. दृष्टी नसलेल्या माणसाला नोट ओळखायला या चार-चार मिलिमीटरांची मदत होते, हेही मुलांना तेव्हाच सांगावं.

सुट्ट्यांचा प्रश्न आजीला रोज पडतो. दीड हजार मागितले तर मशीन पाचशेच्या तीन नोटा देऊन मोकळं होतं आणि भाजीवाली पाचशेची नोट परत करते. चौदाशे मागितले तर त्याला शंभर-दोनशेच्या पेटीकडे जावंच लागतं. हे गणित मुलं चटकन पकडतात. ती पेटीच रिकामी असेल तर मशीन नकार देतं. मग दुसरं मशीन गाठायचं. निदान एका पेटीतून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्या पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२५ चा आदेश आहे: सप्टेंबर २०२५ अखेर पंचाहत्तर टक्के मशीनमध्ये आणि मार्च २०२६ अखेर नव्वद टक्के मशीनमध्ये.

पुस्तकाच्या मध्यावर एक खेळ आहे. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव त्यात आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. पाच मुलं लागतात. एक गिऱ्हाईक, एक मशीन, एक ते मशीन ज्या बँकेचं ती बँक, एक आजीची बँक आणि एक निरोप्या. मशीन झालेल्या मुलाकडे कागदी नोटा, आजीच्या बँकेकडे वही. गिऱ्हाईक कार्ड देतं, पिन एका चिठ्ठीवर लिहितं, चिठ्ठी पाकिटात घालून डिंकानं बंद करतं. पाकीट उघडायचा अधिकार फक्त आजीच्या बँकेला. मशीन पाकीट आपल्या बँकेकडे देतं, ती म्हणते हे खातं माझ्याकडचं नाही, आणि निरोप्याला पाठवते. निरोप्या वर्गाच्या दुसऱ्या टोकाला धावतो. तिथं पाकीट उघडलं जातं, पिन ताडून पाहिला जातो, शिल्लक पाहिली जाते, वहीत पाचशे नावे टाकले जातात आणि मगच "हो" असा निरोप परत निघतो. तो पोचला की मशीन नोटा मोजतं.

खऱ्या व्यवहारात हे सगळं काही सेकंदांत होतं. बंद पाकिटाची गोष्टही खरी आहे: बटणांच्या पाटीच्या आतच पिन कुलूपबंद होतो, मशीनच्या संगणकालासुद्धा तो दिसत नाही. निरोप्याच्या जागी नॅशनल फायनान्शियल स्विच ही व्यवस्था आहे. ती २००४ मध्ये हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेनं उभी केली, २००९ पासून ती एनपीसीआय ही संस्था चालवते. त्याआधी एका बँकेचं कार्ड दुसरीच्या मशीनमध्ये सर्रास चालत नसे. देशातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये एचएसबीसी बँकेनं मुंबईत बसवलं, त्यानंतर मधल्या पंधरा-सतरा वर्षांत ज्याचं मशीन त्याचंच गिऱ्हाईक असा मामला होता. मुंबईत १९९७ मध्ये काही बँकांनी स्वधन नावाचं सामाईक जाळं सुरू केलं होतं, ते पुढं बंद पडलं. आज कुठल्याही बँकेचं कार्ड कुठल्याही मशीनमध्ये जातं. फक्त मोफत व्यवहारांना मर्यादा आहे. आपल्यासारख्या गावात महिन्याला स्वतःच्या बँकेच्या मशीनवर पाच आणि इतरांच्या मशीनवर पाच. त्यापुढं बँक दर वेळी तेवीस रुपयांपर्यंत आकार आणि वर कर घेऊ शकते. नुसता बॅलन्स बघितला तरी तो व्यवहार मोजला जातो, म्हणून गंमत म्हणून बटणं दाबायची नाहीत.

खेळाची दुसरी फेरी खरी शिकवते. या वेळी परत येणाऱ्या निरोप्याला शिक्षकांनी वाटेतच अडवायचं. वहीत पाचशे नावे पडलेले, मशीनला निरोप नाही, गिऱ्हाइकाच्या हातात काही नाही. वर्गात एकदम गलका होतो. "बाई, याचे पैसे गेले!" "बँकेनं खाल्ले!" "नाही, मशीनकडे आहेत, मोजा ना!" मोजल्यावर नोटा पूर्ण भरतात. मग मुलं स्वतःच सांगतात, की वही आणि नोटा जुळवून बघितल्या तर चूक सापडेल. बँकेतही तेच करतात. पैसे कटले आणि मिळाले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती रक्कम खात्यावर परत आली पाहिजे. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. पावती, तारीख, वेळ आणि मशीनचा क्रमांक एवढं जपून ठेवायचं आणि आपल्या बँकेत तक्रार नोंदवायची. मशीनवर हात आपटायचा नाही, पुन्हा पुन्हा रक्कमही टाकायची नाही. ही फेरी खेळलेलं मूल आजीला धीर देऊ शकतं. न खेळलेलं तिच्याबरोबर रडकुंडीला येतं.

तिसऱ्या फेरीत शिक्षकांनी एक सहावं मूल आणायचं आणि त्याला वाटेत लपवायचं. ते निरोप्याला आजीच्या बँकेपर्यंत जाऊच देत नाही. पाकीट काढून घेतं आणि स्वतःच "हो" सांगून परत पाठवतं. मशीन नोटा देतं, द्यायलाच हव्यात, त्याला "हो" मिळालेलं आहे. वहीत मात्र काही लिहिलं गेलेलं नाही. हे पुण्यात घडलेलं आहे. कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काढली गेली. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेच्या जागी आपली खोटी यंत्रणा उभी केली होती, आणि तीच मशीनना होकार देत होती. गिऱ्हाइकांच्या खात्यातले आकडे हलले नाहीत. तोटा बँकेचा झाला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा सुनावली. मुलांना इतकं मोठं प्रकरण झेपेल का, अशी शंका मला होती. खेळात सहावं मूल आलं की ती शंका उरत नाही, कारण तिथं मशीनचा दोष नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

यंत्राच्या इतिहासाला या पुस्तकात दोनच पानं आहेत, तरी त्यातली एक गोष्ट आपल्याकडची. लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये बार्कलेज बँकेनं २७ जून १९६७ रोजी पहिलं नोटा देणारं मशीन सुरू केलं. ते ज्यांच्या कल्पनेतून आलं ते जॉन शेपर्ड-बॅरन जन्मले होते शिलाँगला. त्यांना आधी सहा आकडी पिन हवा होता, पण पत्नीला चारच आकडे लक्षात राहत, म्हणून चारांवर ठरलं, असं ते सांगत. पिनची पद्धत आणि तिचं पेटंट मात्र जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याच्या नावावर आहे, १९६६ चं. आपल्या राज्यातही या यंत्राचा एक टप्पा आहे. बँकेच्या मालकीचं नसलेलं देशातलं पहिलं एटीएम २७ जून २०१३ ला वसई तालुक्यातल्या चंद्रपाडा गावात सुरू झालं. एनफिल्डच्याच तारखेला, शेहेचाळीस वर्षांनी.

आता मूळ मुद्दा, पिनचा. चार आकड्यांचे दहा हजार पिन होतात, ०००० पासून ९९९९ पर्यंत. तीनदा चुकलं की कार्ड बहुधा त्या दिवसापुरतं अडकतं. म्हणजे चोराला दहा हजारांतून फक्त तीन संधी. हे गणित सुरक्षित आहे, पण आपण ते घालवतो. आजीचं जन्मसाल पिन म्हणून ठेवलं तर दहा हजारांचे पन्नास-साठ उरतात. पासबुकाच्या मागं पेनानं लिहिला तर एकच उरतो. आणि पोराला सांगितला तर तो पोराच्या डोक्यावरचा भार होतो. या शेवटच्या गोष्टीकडे पालकांचं लक्ष वेधण्यासाठी मी ही प्रस्तावना लांबवतो आहे.

नातवाला पिन सांगताना आजीच्या मनात विश्वास असतो, तो मोडावा असं कुणीच म्हणणार नाही. पण उद्या खात्यात पाचशे कमी निघाले तर घरात कुणाचं नाव पहिलं येईल? ज्याला पिन माहीत आहे त्याचं. कधी बँकेचा आकार कटलेला असतो, कधी आजीनंच काढलेले असतात आणि विसरलेली असते. तोवर पोर संशयाखाली असतं. दुसरी बाजू आजीची. जन्मभर दुसऱ्याच्या हातून पैसे घेतलेल्या बाईच्या नावावर, कदाचित पहिल्यांदाच, तिची स्वतःची रक्कम जमा होते आहे. ती स्वतः काढता आली पाहिजे. मूल तिच्या शेजारी उभं राहून सगळं वाचून दाखवू शकतं. बटणं मात्र तिनं दाबायची.

"मला कुठं वाचता येतंय?" असं आजी म्हणेल. त्याला उत्तर आहे. पडद्यावर पहिल्यांदाच मराठी निवडता येते. बटणांची मांडणी सगळीकडे एकच: वरच्या ओळीत एक-दोन-तीन, खाली मधोमध शून्य. पाचावर एक बारीक उंचवटा असतो, बोट फिरवलं की लागतो. हिरवं बटण पुढं जायचं, पिवळं चुकलेलं पुसायचं, लाल सगळं सोडून द्यायचं. ज्या बाईला ठिपक्यांची रांगोळी न बघता काढता येते, तिला चार बटणांची वाट बोटात बसवायला दोन संध्याकाळी पुरतात. पुस्तकाच्या शेवटी पूर्ण आकाराची बटणांची पाटी छापली आहे. ती कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि घरी ओसरीवर सराव करायचा. सरावाला खोटा पिन घ्यायचा. खरा पिन मशीनवर, एक हात वरून आडवा धरून, आणि पोरानं तेवढा वेळ पाठ करून उभं राहायचं. "आजी, मी वळलो, तू दाब" हे वाक्य पुस्तकात पुन्हा पुन्हा येतं. दृष्टी अधू असेल तर बोलणारी मशीनही असतात, पाटीवर ब्रेल असतं आणि हेडफोनची खाच असते. आपल्या आसपास असं मशीन कुठं आहे, हे शोधायचं काम मुलांना दिलं आहे.

फसवणुकीचे प्रकार पुस्तकात थोडक्यातच आहेत, कारण यादी वाचून मुलं घाबरतात आणि यादीबाहेरचं काही आलं की गोंधळतात. लहान गावात सर्वांत जास्त सावध राहायचं ते मदतीला पुढं येणाऱ्या अनोळखी माणसापासून. "आण बाळा, मी काढून देतो" म्हणत तो कार्ड हातात घेतो, पिन दाबताना बघतो आणि परत देताना तसंच दिसणारं दुसरं कार्ड ठेवतो. कार्डावरचं नाव वाचायची सवय असलेलं मूल हे तिथल्या तिथं पकडतं. मदत हवीच असेल तर बँकेच्या वेळात, बँकेला लागून असलेल्या मशीनवर जायचं आणि आतल्या कर्मचाऱ्याला विचारायचं. फोनवर कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर तो बँकेचा माणूस नाही, आवाज कितीही गोड असला तरी. काही झालंच तर १९३० हा सायबर मदत क्रमांक, आणि त्याही आधी कार्ड बंद करायचा बँकेचा क्रमांक.

गावात येणाऱ्या बँक मित्राच्या छोट्या मशीनबद्दल एक प्रकरण आहे. तिथं कार्ड नाही, आधार आणि अंगठा. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून तिथं दोन गोष्टींचा आग्रह धरायचा. अंगठा टेकवण्याआधी पडद्यावरची रक्कम मुलानं मोठ्यानं वाचायची आणि पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. "अंगठा उमटला नाही, पुन्हा द्या" असं ऐकलं तर पहिल्या वेळेचं काय झालं ते आधी विचारायचं.

फोनवरून पैसे जात असताना हे सगळं आता कशाला, असं मोठी मुलं विचारतील. प्रश्न रास्त आहे. यूपीआय २०१६ पासून आहे, आणि काही मशीनमधून कार्डाशिवाय, पडद्यावरचा क्यूआर कोड फोननं वाचूनही नोटा मिळतात. पण आठवडे बाजारात, शेतमजुरीच्या हिशेबात, रेंज गेलेल्या संध्याकाळी नोट लागते आणि आपल्याकडे ती अजून बरीच वर्षं लागेल. शिवाय फोनच्या व्यवहारातही मधला निरोप्या तोच आहे, एनपीसीआय, वही तीच आहे, पिनही आहेच. पाच मुलांचा खेळ मशीनच्या जागी फोन ठेवून तसाच खेळता येतो.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये याबद्दलचे नियम नव्यानं सांगितले. किती रक्कम ठेवायची, कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानं ठरवते. मुलाच्या खात्यावर शिलकीपेक्षा जास्त पैसे काढू देत नाहीत. जमेल त्या पालकांनी असं खातं जरूर उघडावं. स्वतःचा पिन असलेल्या मुलाला आजीचा पिन न विचारण्याचं कारण वेगळं समजवावं लागत नाही. पण खातं उघडायला पैसे हवेत आणि शाखेत दोन-तीन खेपा घालायला वेळ हवा, हे मला ठाऊक आहे. ज्यांना जमणार नाही त्यांचं या पुस्तकात काही अडू नये, अशा बेतानं ते लिहिलं आहे.

शिक्षकांना एक विनंती. खेळाच्या तिन्ही फेऱ्या एकाच तासात उरकू नका. पहिली एका दिवशी घ्या, मुलांना घरी जाऊन सांगू द्या. दुसऱ्या दिवशी ती घरचे प्रश्न घेऊन येतात आणि दुसरी फेरी त्या प्रश्नांवर चांगली होते. पालकांनी सुरुवात मुखपृष्ठाच्या आतल्या तक्त्यापासून करावी. त्यात आपल्या बँकेचं नाव, शाखेचा फोन, कार्ड बंद करण्याचा क्रमांक आणि जवळच्या दोन एटीएमच्या जागा लिहायच्या आहेत. पिनसाठी रकाना ठेवलेला नाही. तक्ता पेन्सिलीनं भरा, क्रमांक बदलत असतात.